होते का मासे?

गळ टाकून बसणाऱ्या माणसाला मासे हवे असतात, असा लोकांचा समज आहे. त्याला हवी असते सबब. मासा मिळाला तर उत्तमच. पण नाही मिळाला तर तो का मिळाला नाही, हे दारात चपला काढता काढता सांगता आलं पाहिजे. या सबबी पिढ्यानपिढ्या साठत आलेल्या आहेत. पाणी गढूळ होतं. पाणी फारच नितळ होतं, माशांना तंगूस दिसला. वारं फिरलं. आभाळ आलं. आलेलं आभाळ गेलं. पलीकडच्या काठावर कोणीतरी गोधड्या आपटत होतं. आणि या सगळ्यांच्या वर, कुठल्याही ऋतूत आणि कुठल्याही पाण्यावर चालणारी, जिची उलटतपासणी होऊच शकत नाही अशी हुकमी सबब म्हणजे, "त्या तळ्यात मासेच नाहीत हो."

ही शेवटची सबब आता गेली. ती घालवली मोसंब्याएवढ्या एका चेंडूनं.

चेंडू म्हणायचं एवढ्यासाठी की तो फेकायचा असतो. आत बॅटरी, वायफाय आणि आवाज सोडणारा स्फटिक असतो. गळाच्या काठीला, रिळाच्या दोरीला तो बांधायचा आणि तळ्यात भिरकावायचा. पाण्याचा स्पर्श झाला की तो आपोआप सुरू होतो. मग तरंगत तरंगत तो खाली आवाज सोडतो. हा आवाज आपल्याला ऐकू येत नाही, इतका तो वरच्या पट्टीतला असतो. तळावर, दगडावर, माशावर आपटून तो परत येतो आणि त्याचं चित्र काठावर बसलेल्या माणसाच्या मोबाईलवर उमटतं. आवाज पाण्यात सेकंदाला साधारण दीड किलोमीटर पळतो, म्हणजे दोन मीटर खोल तळ्यात खाली जाऊन वर यायला त्याला सेकंदाचे तीन सहस्रांशही लागत नाहीत. तेवढ्या वेळात मासा गळाकडे बघून तोंडसुद्धा फिरवू शकत नाही. तो ते नंतर, सावकाश फिरवतो.

विद्या मात्र खानदानी आहे. पहिल्या महायुद्धात पाणबुड्या हुडकायला पॉल लांजव्हँ या फ्रेंच शास्त्रज्ञानं क्वार्ट्झच्या स्फटिकातून असा आवाज पाण्यात सोडून पाहिला. १९४८ साली जपानमध्ये फुरुनो बंधूंनी तीच युक्ती मासेमारीच्या धंद्यात आणली आणि पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोरन्स मंडळींनी हौशी लोकांच्या छोट्या होड्यांना पुरेल असा डबा काढला. होडी नसलेल्यांसाठी चेंडू निघाला तो अलीकडे. त्यात सर्वांत नाव झालं लिथुआनियाच्या डीपर कंपनीचं. त्या देशात हिवाळ्यात तळी गोठतात. बर्फाला भोक पाडून थंडीत कुडकुडत बसायचं, तर खाली कोणी आहे की नाही एवढं तरी आधी कळावं, ही अपेक्षा रास्तच म्हणायची. आपल्याकडे बर्फ मासे मिळाल्यावर लागतो. तोही बहुधा तसाच परत येतो.

आमच्या घराण्यात हे यंत्र आणलं साडूभाऊंनी. ते कुठल्या कंपनीचं, हे सांगत नाही. साडूभाऊंशी संबंध अजून टिकवायचे आहेत. माणूस अत्यंत सज्जन. बँकेतून निवृत्त झाल्यावर त्यांनी गळाचा छंद धरला आणि छंदाच्या आधी सामान घेतलं. सुट्टीत आम्ही दोघे सासुरवाडीला, इंदापूरकडे, जातो. तिथं आमचा चुलत मेहुणा आहे, त्याचा ऊस आहे, उसाच्या कडेला शेततळं आहे. तीस मीटर लांब, तीस मीटर रुंद, खाली प्लॅस्टिकचा कागद. साडूभाऊंनी यंत्राचं पहिलं पाऊल टाकायला हीच जागा निवडली.

"आधी खोली बघू," ते म्हणाले.

"तीन मीटर हाय दाजी," मेहुणा म्हणाला. "जेसीबीचं बिल दावू का?"

साडूभाऊ हसले. यंत्रावर विश्वास नसलेल्या माणसाकडे बघून यंत्रवाले हसतात तसं. मग त्यांनी काठी मागे नेली आणि चेंडू फेकला. चेंडूचं वजन शंभर ग्रॅमच्या आसपास असतं आणि वायफायचा पल्ला शंभर मीटर सांगतात. पुस्तिकेतली ही शंभर मीटरची ओळ त्यांच्या खांद्यात उतरली असावी. चेंडू तळं ओलांडून पलीकडच्या उसात गेला. तिथं पाणी नसल्यामुळे तो सुरूच झाला नाही. रीळ गुंडाळलं तर दोरी पाचटात अडकली. उसात शिरून त्याला हातानं बाहेर काढेपर्यंत मेहुण्याचा चहा येऊन निवला होता.

दुसऱ्या फेकीला तो पाण्यात पडला आणि मोबाईलवर एक आडवी रेघ उमटली. सरळसोट. तीन मीटर. प्लॅस्टिकच्या कागदावर दुसरं काय उमटणार? साडूभाऊ चेंडू हळूहळू ओढत राहिले, रेघ सरकत राहिली आणि काठाजवळ उताराला लागून वर आली. मेहुण्यानं डोकावून पाहिलं आणि म्हणाला, "बराबर हाय. बिल बी एवढंच आलतं."

इथं छोट्या तळ्याची मुख्य गंमत आहे. समुद्रावर, धरणावर कोणालाच काही ठाऊक नसतं, म्हणून तिथं यंत्राला मान. छोट्या तळ्याचं सगळ्यांना सगळं ठाऊक असतं. तळं कोणी खणलं, किती खणलं, कुठल्या कोपऱ्यात दगड लागला म्हणून तसंच सोडलं, मागच्या उन्हाळ्यात आटलं तेव्हा तळाशी काय काय निघालं, हे विचारायला चेंडू फेकावा लागत नाही, चहा घ्यावा लागतो. मासे किती, हेही ठाऊक असतं. "हजार बोटुकली म्याच सोडली," मेहुणा म्हणाला. "पाणकावळ्यांनी किती खाल्ली, तेवढं तुमच्या यंत्राला इचारा."

यंत्राला विचारायची अडचण अशी की त्याची नजर अरुंद असते. डीपरच्या एका जातीत दोन झोत आहेत, एक पंधरा अंशांचा आणि दुसरा पंचावन्न अंशांचा. पंधरा अंशांचा झोत दोन मीटर खोलीवर जेमतेम अर्ध्या मीटरचं वर्तुळ बघतो. नऊशे चौरस मीटरच्या तळ्यात पाव चौरस मीटरसुद्धा नाही. रुंद झोत लावला तर वर्तुळ दोन मीटरचं होतं, पण मग मासा उजवीकडे आहे की डावीकडे हे कळत नाही. खाली दीड मीटरवर कोणीतरी आहे, एवढंच कळतं.

आणि मासेही यंत्राची पुस्तिका वाचून पोहत नाहीत. आपल्याकडे तळ्यात सोडतात ते तीन भाऊ म्हणजे कटला, रोहू आणि मृगळ. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. एकाच तळ्यात भांडण न करता तिघांनी जगावं म्हणून तर ही त्रयी सोडायची. आता यंत्राचं बघा. बऱ्याच यंत्रांना पाण्याच्या पृष्ठभागालगतचा हातभर पट्टा नीट दिसत नाही, त्यामुळे कटला गेला. तळाला चिकटून असलेला मासा तळाच्याच प्रतिध्वनीत मिसळून जातो, त्यामुळे मृगळ गेला. उरला रोहू. तो त्या पाव चौरस मीटरमध्ये आला तर. मरळीचा प्रश्नच येत नाही; ती काठच्या गवतात, वीतभर पाण्यात बसते आणि मधूनमधून हवा घ्यायला वर येते. ती दिसायला डोळे पुरतात, पण डोळे त्या वेळी मोबाईलवर असतात.

उन्हाळ्यात पहाटे साचलेल्या पाण्यातला प्राणवायू उतरतो आणि मासे वर तोंड काढून श्वास घ्यायला लागतात. अशा एका पहाटे आम्ही काठावर होतो. समोर पाण्यावर तोंडंच तोंडं. साडूभाऊ पडद्यावर नजर लावून म्हणाले, "शून्य."

"वर बघा," मी म्हटलं.

"थांबा हो, वायफाय गेलं."

हे वायफाय हा एक स्वतंत्र प्रपंच आहे. चेंडू स्वतःचं वायफाय सोडतो आणि मोबाईल त्याला जोडावा लागतो. मोबाईलला मात्र लगेच शंका येते की या वायफायवर इंटरनेट नाही, मग आपण इथं काय करतो आहोत? तो विचारतो, राहू का जाऊ? उत्तर द्यायला उशीर झाला की तो स्वतःच निर्णय घेऊन आपल्या जुन्या नेटवर्कवर निघून जातो. मग तळ्याचं चित्र थिजतं आणि अडून राहिलेले सुप्रभाताचे सगळे संदेश एकदम येऊन कोसळतात. साडूभाऊंना त्या पहाटे तळ्यातला एकही मासा दिसला नाही, पण त्यांच्या बँकेतल्या जुन्या सहकाऱ्यांनी पाठवलेली गुलाबाची फुलं भरपूर दिसली.

पडद्यावर मासा दिसतो तेव्हाही तो मासा असेलच असं नाही. माशाच्या पोटात हवेची पिशवी असते, आवाज मुख्यतः तिच्यावरून परततो. हवेवरून आवाज परतणार, म्हणजे गाळातून सुटलेल्या बुडबुड्यांवरूनही परतणार. पाण्यात अर्धवट बुडून लोंबणाऱ्या फांदीवरूनही. यंत्र सौजन्यशील असतं. तळाच्या वर काहीही अधांतरी दिसलं की ते तिथं माशाचं गोंडस चित्र काढतं आणि शेजारी खोलीचा आकडा लिहितं. जाणकार सांगतात, ती चित्रं बंद करून कमानी बघा. चेंडूखालून मासा गेला की आधी लांब, मग जवळ, मग पुन्हा लांब असा त्याचा प्रतिध्वनी येतो आणि पडद्यावर कमान उमटते. पण हे होडी चालत असली, मासा चालत असला तर. छोट्या तळ्यात चेंडूही उभा, मासाही उभा. मग कमान न होता नुसती रेघ पडते, आणि रेघ फांदीचीही तशीच पडते. साडूभाऊंनी एका फांदीवर सकाळभर गळ टाकला. फांदीनं आमिष खाल्लं नाही, पण आकडा मात्र घेतला. परत दिला नाही.

शेततळ्यातून आम्ही गावच्या पाझर तलावावर गेलो. बाहत्तरच्या दुष्काळी कामातला तलाव. त्याचा मासेमारीचा ठेका संस्थेकडे, पण मेहुण्याच्या ओळखीनं दोन गळांना परवानगी मिळाली. एका अंगाला पाणकणसाचं दाट बेट आहे. साडूभाऊंनी त्या बेटाच्या कडेला चेंडू टाकला आणि थोड्याच वेळात त्यांचा चेहरा उजळला.

"टेकडी!" ते म्हणाले. "पाण्याखाली टेकडी आहे. तळ एकदम वर आलाय. मासे नेमके अशाच उंचवट्याच्या कडेला धरून असतात."

हे तत्त्वतः अगदी खरं आहे. उतार, कडा, जुन्या ओढ्याचं पात्र, बुडालेला बांध या जागी मासे रेंगाळतात. मी कौतुकानं बघू लागलो. साडूभाऊंनी दुसऱ्या काठीनं टेकडीच्या कडेला कणकेची गोळी लावलेला गळ टाकला. पडदा बघता बघता त्यांच्या कपाळाला आठी पडली. टेकडी डावीकडे सरकली होती. मग ती थोडी उंच झाली. मग तिनं कान हलवले. पडद्यावर नव्हे, पाणकणसाच्या पलीकडे. तिथं आमच्या चुलत सासऱ्यांची, म्हणजे मामंजींची, म्हैस नाकापर्यंत पाण्यात बसली होती आणि आता उठून काठाकडे निघाली होती. गळ तिच्या शेपटीच्या गोंड्यात अडकलेला होता.

पाण्यात म्हैस आणि वर मोल, ही म्हण या देशात शेकडो वर्षं चालली. पाण्यातल्या म्हशीचं मोजमाप वरून घ्यायचं तंत्र शेवटी आमच्या साडूभाऊंनी सिद्ध केलं. मामंजींनी शेपटीतला गळ शांतपणे सोडवला, चेंडू हातात घेऊन फिरवून पाहिला आणि केवढ्याला पडला ते विचारलं. साडूभाऊंनी सांगितलं. मामंजी बराच वेळ काही बोलले नाहीत. मग एवढंच म्हणाले, "एवढ्यात गाभण शेळी आली असती."

असल्या लेखात या जागी एक उघडंवाघडं पोर यायचं असतं. त्याच्या हातात बांबूची काठी असते, गांडूळ लावून ते एका फटक्यात हातभर मासा काढतं आणि शहरी माणसाचा माज उतरवतं. असं पोर त्या दिवशी आलं होतं. काठीही होती, गांडुळंही होती. संध्याकाळपर्यंत त्यालाही काही मिळालं नाही. जाताना ते म्हणालं, "मासंच न्हाईत." ते समाधानानं घरी गेलं. साडूभाऊंना तसं जाता येईना.

कारण घरी प्रश्न ठरलेला होता. पंचवीस वर्षं तो माझ्या सासुरवाडीच्या ओट्यावर विचारला जातोय, "होते का मासे?" पूर्वी याचं उत्तर "नव्हते" असं असे आणि प्रकरण तिथंच मिटे. मासे नव्हते, तर बिचारा माणूस काय करणार? त्यात दैवाचा हात होता, सहानुभूती होती, गरम भाकरी होती. पण साडूभाऊ प्रामाणिक. त्यांनी मोबाईल काढला, जपून ठेवलेलं चित्र मेहुणीपुढे धरलं आणि अभिमानानं म्हणाले, "हे बघ, किती होते! हा दीड मीटरवर, हा दोनवर, हा तर केवढा मोठा."

मेहुणीनं चित्र बारकाईनं पाहिलं. "म्हणजे मासे होते," ती म्हणाली, "कुठं होते ते ठाऊक होतं, आणि तरी पिशवी रिकामी."

यावर बोलण्यासारखं काही राहत नाही. यंत्रानं साडूभाऊंना दुर्दैवी माणसातून नालायक माणसात बढती दिली होती. शिवाय गळावर बसलेल्या माणसाचं मुख्य भांडवल म्हणजे खाली काय आहे हे ठाऊक नसणं. तरंगणारं बोंड जरा थरथरलं की खाली पाच किलोचा रोहू असतो. असायलाच हवा. आता पडद्यावर दिसतं की खाली कोणीही नाही आणि बोंड वाऱ्यानं हललं. त्याहून वाईट म्हणजे खाली तिघे आहेत, गोळीपासून वीतभर अंतरावर आहेत आणि तिथंच आहेत. मासा नाही हे सहन होतं. मासा आहे, त्यानं आपली गोळी पाहिली आहे आणि विचारांती नाकारली आहे, हे सहन करायला निराळं काळीज लागतं.

मात्र यंत्रवाल्यांना माणसाचं मन कळतं. जुनी सबब काढून घेताना त्यांनी नव्या देऊन ठेवल्या आहेत. यंत्र पाण्याचं तापमान सांगतं. त्यामुळे साडूभाऊ आता म्हणतात, "पाणी एकतीस अंश होतं, अशात मासा सुस्त असतो." खोल तलावात उन्हाळ्यात वर गरम आणि खाली गार पाण्याचे थर पडतात, खालच्या थरात प्राणवायू कमी असतो. या थरांवर ते पंधरा मिनिटं बोलतात. पाणी गढूळ होतं, एवढ्यावर भागणारा जमाना गेला. आता सबबीत आकडे असतात, आणि आकडे असलेली सबब खोडायला घरात कोणीतरी पदार्थविज्ञान शिकलेलं लागतं. आमच्या मेहुणीचा विषय इतिहास आहे. साडूभाऊंचं सध्या बरं चाललं आहे.

यंत्राची बाजूही सांगितली पाहिजे. त्याच पाझर तलावात, बांधाच्या बाजूला, साडूभाऊंनी चेंडू सावकाश ओढत आणला तेव्हा अडीच मीटरची रेघ एकाएकी खाली कोसळली आणि पुन्हा वर आली. दुसऱ्यांदा ओढला, तिथंच तसंच झालं. मामंजींना विचारलं तेव्हा त्यांना आठवलं की तलाव होण्याआधी तिथं एक विहीर होती. गावातल्या नव्या पोरांना ती ठाऊकच नव्हती, आणि तीच पोरं उन्हाळ्यात तिथं पोहायला उतरतात. दुसऱ्या दिवशी मेहुण्यानं त्या जागेवर दोरी बांधून एक रिकामा कॅन तरंगत ठेवला. मासे त्या विहिरीच्या कडेला असतात का? साडूभाऊ म्हणतात, असतात. पडद्यावर भरपूर दिसतात.

तेव्हा घ्यायचं का, असं कोणी विचारलं तर माझं मत सांगतो. तळं छातीएवढं असेल, मालक ओळखीचा असेल, तर घेऊ नका. मालकाला विचारा आणि राहिलेल्या पैशांत काय आणायचं ते आमच्या मामंजींना विचारा. खाणीत साचलेलं पाणी, जुना मोठा तलाव, धरणाचं बॅकवॉटर अशा जागी काठावरून गळ टाकत असाल, तर जरूर घ्या. तिथं तळ कळणं म्हणजे अर्धं काम. टाकायच्या आधी ठेका कोणाचा आहे ते बघा. काठी भक्कम आणि दोरी जाड घ्या; शंभर ग्रॅमचा चेंडू बारीक तंगूसावर भिरकावला तर तंगूस हातात राहतो. चेंडू टाकल्यावर जो धप्प आवाज होतो, त्यानं उथळ पाण्यातले मासे पांगतात, म्हणून आधी तळ बघून घ्या, घटकाभर थांबा आणि मग गळ टाका. म्हशी कुठं आहेत ते डोळ्यांनी पाहा.

आणि प्लॅस्टिकच्या शेततळ्यात चेंडू तुटून गेला तर काही केल्या त्याच्यामागे उतरू नका. तो कागद शेवाळानं निसरडा असतो, उतारावर पाय ठरत नाही, पोहणारा माणूससुद्धा वर येऊ शकत नाही. माणसं गेलेली आहेत. वारा सुटला की चेंडू आपोआप कुठल्यातरी काठाला लागतो. तोवर चहा घ्या, आणि मालकाला सांगून काठावर एक दोरखंड कायमचा बांधून ठेवा.